आंबा घाटातला लाल बावटा

परळ, मुंबई
८ जून १९८६

तीर्थरूप आबांना विश्रामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे. खानावळीत आता मासे बरे मिळतात, आईला सांगा. गुडघ्याला तेल लावता ना?

शालू, पुढचं आबांना मोठ्याने वाच. दादाने लिहिलेलं काही गाळू नको.

मे महिन्यात रजा मिळाली नाही असं कळवलं, ते खोटं होतं. हापिसातल्या मित्रांबरोबर मी मोटारसायकलवरून रत्नागिरी बघून आंबा घाटाने कोल्हापूरला गेलो. पावस गावी आपली आंब्याची बाग आहे, अशी त्यांना थाप मारून बसलो होतो. म्हणून साखरप्याला घराकडे वळलो नाही.

घाटात पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग! कठड्याचं काम चाललेलं, आणि वळणावर लाल बावटा घेऊन तुम्ही उभे. माझ्या तोंडावर धुळीसाठी रुमाल होता.

"हळू जावा हां, फुडं खडी हाय," तुम्ही म्हणालात.

"ए म्हाताऱ्या, हो बाजूला!" माझ्या मागे बसलेला मित्र ओरडला. मी तशीच गाडी पुढे काढली.

वरच्या वळणावरून मागे पाहिलं. हॉर्न वाजत होते, आणि तुम्ही बावटा खाली सोडून माझ्याकडेच बघत होतात.

त्यानंतरच्या पत्रात तुम्ही शालूकडून लिहवून घेतलंत, "रजा नाय तर नाय, जिवाला लावून घेव नको."

आबा, तुम्ही मला ओळखलं होतंत ना?

तुमचाच,
विश्राम