राखेनं पुसलेली टोचणी

प्रिय आत्या,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणाच. शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी सासरहून पाठवलेलं पत्र तुम्ही एकाकडून वाचून घ्यायचात, आणि त्यानं काही गाळलं असेल म्हणून पुन्हा दुसऱ्याकडून. आता मध्ये कुणी नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहिते.

कारण आज सकाळचं आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या तान्ह्या मुलीला गोवराची लस द्यायची आहे. तिची आई जिन्यात भेटली आणि म्हणाली, "लस दिली की ताप येतो हो आजी, पोर रडरड रडतं. राहू दे म्हटलं." मी "बरं" म्हणून वर आले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, आणि नुसतं "बरं" म्हणून आले! चहा ठेवला, तो उतू गेला. डोळ्यांपुढं आमची आई उभी होती, मुठीत चुलीतली राख घेऊन.

आठवतं ना तुम्हाला? निजामाचं राज्य होतं. आपल्या नळदुर्गाकडच्या गावांत देवीची साथ येणार अशी कुजबुज होती, आणि देवी टोचणारे मुन्शी तट्टावर बसून चावडीपुढं आले. अर्धं गाव लेकरं घेऊन रानात पळालं. चपराशी दारात उभा राहिल्यावर आमच्या आप्पांना मला चावडीवर न्यावंच लागलं. मुन्शींनी फिरकीसारखं गोल हत्यार माझ्या दंडावर दोन ठिकाणी दाबून फिरवलं आणि आईला बजावलं, "पोंछना नक्को, अम्मा. सूखने देव."

आईला ते चांगलं समजलं होतं. घरी येताच तिनं चुलीतली राख घेऊन माझा दंड खसाखसा चोळला आणि वर पाणी ओतलं. गावातल्या निम्म्या बायकांनी त्या दिवशी हेच केलं असणार. देवीच्या कामात लोखंड घातलेलं तिला खपायचं नाही, ती चिडून घरात शिरेल, ही भीती. आई दुष्ट नव्हती. ती मला वाचवतच होती.

आठवडा होत आला तेव्हा तुम्ही माझी बाही वर केलीत. कातडी कोरडीच.

"वयनी, हिला फोड कसा न्हाय उठला?"

आई रडायलाच लागली. "वन्सं, म्या राखेनं पुसलं. देवीला कशापायी डिवचायचं?"

तुम्ही तिला एका शब्दानंही बोलला नाहीत. लहानपणी देवीनं तुमचा चेहरा चाळणीसारखा करून सोडला होता. त्या चेहऱ्यापायी सासरच्यांनी तुम्हाला माहेरी आणून घातलं होतं. तो चेहरा तुम्ही आईपुढं धरलात. "माझ्याकडं बगा. मला आली ती अंगभर आली. हिच्या दंडावर येऊ द्या, दोन मण्यांएवढी. घरात देवीवानी तिचं समदं करू, मग कशाला चिडंल ती?"

एकदा देवी येऊन गेलेली बाई तुम्ही. ह्या बाबतीत तुमच्या शब्दापुढं गावात कुणी जात नसे. आईनं डोळे पुसले.

मुन्शी पुढच्या गावी मुक्कामाला होते. मला पुन्हा टोचून आणायला निघताना तुम्ही शेजारच्या शेवंताचं दार वाजवलंत, तिलाही न्यावं म्हणून. शेवंता माझी सागरगोट्यांची जोडीदार, तिचाही दंड राखेनंच धुतला होता. तिच्या आईनं दारातूनच सांगितलं, "आमचं न्हाय जमायचं." तुम्ही माझा हात धरून चालायला लागलात.

या वेळी टोचलेलं कुणी पुसलं नाही. दोन फोड उठले, ताप आला, आणि आपल्या घरी खरंच देवीचा पाहुणचार सुरू झाला. दाराला कडुलिंबाचे डहाळे, फोडणी बंद, तळण बंद, दहीभाताचा नैवेद्य. आप्पा बिनफोडणीचं वरण बघून रोज तोंड वाकडं करायचे. तुम्ही माझ्या उशाशी बसून लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होता. आणि जिनं राख चोळली, तीच आई त्या फोडांवर माशी बसू देत नव्हती. तुमचं सगळंच बरोबर होतं असं नाही हं. तो कडुलिंबाचा रस पाजायचं काही कारण नव्हतं. त्याचा कडूपणा अजून जिभेवर आहे.

नंतर साथ आली. शेवंताला ताप आला, तरी अंगावर फोड दिसेपर्यंत आम्ही एका गोधडीवर खेळत होतो. तिच्या श्वासातनं तो विषाणू माझ्याही घशात नक्की उतरला असणार.

हे पुढं मी शाळेतल्या मुलांना समजावून सांगायची. विषाणूला स्वतःचं घर नाही, चूल नाही. तो आपल्या पेशीच्या दाराला चिकटतो, आत शिरतो, आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठाच्या आपल्यासारख्या हजारो भाकऱ्या थापून घेतो. मग पेशी फुटते आणि ते सगळे शेजारची दारं शोधत निघतात. माझ्या दंडावर आलेली देवी म्हणजे वासराच्या अंगावर वाढवलेला त्याचा सौम्य भाऊबंद. त्याच्याशी झुंजताना माझ्या रक्तानं त्या कुळाची तोंडओळख करून घेतली होती. खरा आला तेव्हा त्याला दारापाशीच घेरलं, आणि जो आत शिरला त्याला त्या पेशीसकट संपवलं. तुमच्या रक्तालाही ती ओळख होती, फार महाग पडलेली. म्हणून तर तुम्ही शेवंताजवळ बेधडक बसू शकलात.

शेवंता गेली.

मी तुमच्यावर खूप चिडले होते. विचारलं होतं, "तिलाबी का न्हाय नेलं वढून?"  तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या लेकराचा हात वढता येत न्हाय, बाय." ते खरं होतं. पण आत्या, दार अजून एकदा वाजवता आलं नसतं का? तुम्हालाही हे खात राहिलं असणार, नाहीतर दर पोळ्याला शेवंताच्या नावानं दहीभात कशाला काढून ठेवला असतात?

माझ्या दंडावरचे दोन गोल वण आता सुरकुत्यांत बुडालेत. ते तुम्ही मला दिलेलं आयुष्य आहे. माझी शाळा, माझी मुलं, नातवंडं, सगळं त्या वाटेवरनं आलं. हे तुमच्या हयातीत मी कधी बोलले नाही, आज म्हणते. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.

उद्या सकाळी दहीभात घेऊन खाली जाणार आहे. त्या मुलीच्या आईला तुमची गोष्ट सांगेन. नाही म्हणाली तर परवा पुन्हा दार वाजवीन, तेरवाही वाजवीन. आणि लस दिल्यावर पोर तापलं, तर त्याच्या उशाशी मी बसेन. शेवंताजवळ तुम्ही बसला होता तशी नाही, आत्या. माझ्याजवळ बसला होता तशी.

तुमचीच,
सिंधू