खेकडा माझ्यासमोर जेवत नाही

८ जुलै, मंगळवार
मृणालच्या खेकड्याने आजही संध्याकाळी तोंड लावलं नाही. उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढ्यात तसाच पडून. सकाळी खातो, संध्याकाळी नाही. सूनबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, हा सगळा थाट तिच्या पीएच.डी.साठी. मागच्या खोलीत जेवणाचं जुनं टेबल, त्यावर काचेची टाकी, टाकीत फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा आणि त्याखाली हे महाराज. तिच्या माहेरचे, चांदूर बाजारच्या नाल्यातले. पाठीवर ओळखीसाठी नेलपॉलिशचा लाल ठिपका.

"बाबा, कोणीतरी त्याले त्रास देऊन राहिलं," म्हणाली. गाइडने संध्याकाळच्या नोंदी परत पाठवल्यात. सकाळशी जुळत नाहीत म्हणे.

घरात माणसं किती? मी, ती, आणि दिवसा कामाला कुंदाबाई. मुलगा अभय अकोल्याला नोकरीवर, शनिवारी येतो. कुठेतरी पाणी मुरतंय. उभी हयात अमरावतीच्या कोर्टात घालवली, एवढं कळतं मला. तपास माझ्याकडे घेतला.

९ जुलै
फिर्यादीची ओळख करून घेतली. मृ.ने समजावलं. डोळ्यांच्या मध्ये दोन बारीक मिशा, त्या एकसारख्या झटकत असतो. ते त्याचं वास घेणं. पायांवर केस, पाणी जरा हललं तरी त्यांना लागतं. जमिनीचा हादरा पायांतून वर चढतो. धोका वाटला की मिशा बंद, डोळे खोबणीत, पाय आवळून दगडासारखा गप्प.

"कान नाही त्याले. पण तुमची चप्पल दारात वाजली की इथं मालूम होते."

म्हणजे ऐकीव काही सांगणार नाही. असा साक्षीदार मला वकिलीत एकही मिळाला नाही.

कायम घाबरूनच राहतो का, विचारलं. तर नाही. तोच हादरा रोज आला आणि त्यातून काही वाईट झालं नाही, तर हळूहळू लक्ष देणं सोडतो. सरावतो.

पेनाची रिफिल बदलायला हवी. अक्षर बारीक बारीक येतंय.

११ जुलै
कुंदाबाई. फरशी फिनाईलने पुसते, तो उग्र वास टाकीत उतरत असणार. उलटतपासणी घेतली. किती झाकणं टाकते, बादली कुठे ठेवते.

"काय टाकू बाबूजी? फिनाईल कवाचंच संपलं. तुमालेच सांगतलं होतं आणाले."

हे खरं आहे, मी विसरलो. तरी वाकून फरशीचा वास घेतला. निव्वळ पाणी. तिने पदर तोंडाला लावला, हसत होती. सोडली, पण संशयाचा फायदा देऊन. निर्दोष म्हणून नाही.

१२ जुलै, शनिवार
अभय आला. आल्या आल्या, "बाबा, पेपर काहून हलवून राहिले?" म्हटलं, पंख्याने हलतो. त्याने वर पाहिलं. पंखा बंद होता. मी पेपर घडी करून ठेवला.

जेवणानंतर दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात. पाण्याच्या निमित्ताने गेलो, तर दोघंही गप्प. मृ. लगेच म्हणाली, "ताक देऊ का बाबा?" कोणी न मागता ताक देत नाही. 'अकोला' एवढं कानावर पडलं होतं. बदली? घर? मला कुठे ठेवायचं, हे?

आधी खेकड्याचं निस्तरतो, मग यांचं.

१४ जुलै
सापडला. शेजारचे वानखडे. आमच्या मागच्या खोलीची आणि त्यांच्या मोरीची भिंत एकच. संध्याकाळी पाण्याची मोटर लावतात. त्याच वेळी मृ. नोंदी घेते आणि मी तिला सोबत म्हणून टेबलाशी पेपर घेऊन बसतो. भिंतीतून घरघर येते, ती पाण्यात, पाण्यातून त्याच्या पायांत. धागा जुळला. मृ.ला सांगितलं तर म्हणाली, "असू शकते." उत्साह काही दिसला नाही. हिला आरोपी सापडायला नको आहे की काय?

पुरावा हवा. उद्या पंचनामा.

१५ जुलै
लिहू की नको.

लिहितो. स्टीलची वाटी काठोकाठ भरून टेबलावर ठेवली, टाकीच्या शेजारी. हादरा असेल तर पाण्यावर दिसेल. कुंदाबाईला पंच म्हणून थांबवलं. वानखड्यांना बोलावलं, आरोपीसमक्षच झालेलं बरं. मी खुर्चीत बसलो, हात टेबलावर ठेवला. पाण्यावर बारीक बारीक लाटा. थांबेचनात. मी म्हटलं, "पाहा भाऊ, डोळ्यांनं पाहा. हे तुमच्या मोटरचं काम."

वानखडे वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, मोटर तर शुक्रवारीच वाइंडिंगले देल्ली. घरात मोटरच नाही."

पाणी थरथरतच होतं.

मृ. माझ्या बाजूला आली, टेबलावरचा माझा उजवा हात उचलला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, सहज धरावा तसा. वाटीतलं पाणी थांबलं. थोड्या वेळाने कुंडीखालून लाल ठिपका हलला. मिशा सुरू झाल्या. अंड्याचा तुकडा नांगीत धरला त्याने आणि खाऊ लागला, सगळ्यांसमोर.

वानखडे "चहा राहू द्या" म्हणून निघून गेले. कुंदाबाईने वाटी ओतली, घासली, ओट्यावर पालथी घातली.

१६ जुलै
टेबलाकडे गेलो नाही.

दादाचं असंच सुरू झालं होतं. अकोल्याला जुन्या शहरात आमचा थोरला भाऊ राहायचा. आधी सही बारीक झाली. मग तो उजवा हात मांडीखाली दाबून बसायला लागला. शेवटी शेवटी वहिनी चमच्याने वरणभात भरवायची आणि तो आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघायचा. एवढा आडदांड माणूस. मी भेटायला जाणं कमी केलं.

मीही होळीपासून हात मांडीखाली घेऊन बसतो आहे. संशय सगळ्यांवर घेतला, या एका हातावर नाही. भीती वाटते. बस, लिहिलं.

१८ जुलै
मृ.ने सांगून टाकलं. अकोल्याला मेंदूचे डॉक्टर आहेत, अभयने सोमवारचा नंबर लावला आहे. स्वयंपाकघरातलं ते बोलणं हेच होतं. मी भडकलो. माझ्या पाठीमागे खटला चालवता? आरोपीला नोटीस नाही, काही नाही?

"तुमाले कसं सांगाव, हेच समजत नव्हतं बाबा."

"कधीपासून माहीत आहे?"

तिने खाली पाहिलं. "लय दिवस झाले."

"मग खेकडा का खात नाही, हेही माहीत होतं."

"हो."

"मग मला तिथून उठवलं काहून नाही? तुझं काम खराब होऊन राहिलं होतं."

"उठून कुठं गेले असते तुमी? समोरच्या खोलीत एकटेच बसले असते."

गाइडची बोलणी खाल्ली हिने, पण म्हाताऱ्याला खुर्चीवरून हलवलं नाही.

पण आता रात्रभर डोक्यात तेच. सगळं ठाऊक होतं, तर 'कोणीतरी त्याले त्रास देऊन राहिलं' हे माझ्यासमोरच का म्हणाली? मी तपास घेतला, की मला घ्यायला लावला? विचारणार होतो. विचारलं नाही. हो म्हणाली तर रागवावं लागेल, आणि राग येत नाही.

अकोल्याला जायचं कबूल केलेलं नाही. नाही म्हटलेलंही नाही.

२० जुलै, रविवार
संध्याकाळी मृ. आणि अभय बाजारात गेले. घरात मी एकटा. मागच्या खोलीत जाऊन बसलो, पाच दिवसांनी. अंड्याचा तुकडा टाकला. हात टेबलावर ठेवला, मुद्दाम, उजवाच.

तो कुंडीखालून बाहेर आला. मिशा झटकत होता. दगड झाला नाही, डोळे आत घेतले नाहीत. तुकडा उचलला आणि माझ्यासमोर खाल्ला, शेवटपर्यंत.

आनंद झाला, खोटं का बोलू. एखादा साक्षीदार आपल्या बाजूने फुटावा तसा. मग लगेच शंका. हात थांबलाय, की हा सरावलाय? याला विचारून उपयोग नाही. नुसता हाताकडे बघून मला सांगता येत नाही, माझा माझ्यावर भरवसा नाही.

वाटी भरून ठेवली की एका क्षणात कळेल. ओट्यावर पालथी आहे, इथून दिसते. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

अभयने गाडीत पेट्रोल भरून आणलंय. मृ.ने माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय. 'उद्या येता ना?' असं अजून कोणीच विचारलेलं नाही.