मायनं पाहिलेला सिनेमा

वाटूर,
मार्च १९८४

प्रिय बेबीअक्का,

तू देवानंदबरोबर निघून गेलीस त्याला वर्ष होत आलं. तुझा पत्ता त्याच्या मित्राकडून, पुंजारामकडून मिळवला. तू गेल्यावर दादांनी सगळा दोष त्या सिनेमाला दिला. जालन्याला मावशीकडे राहून तू तो दोनदा पाहिलास हे कळल्यावर त्यांनी घरातला रेडिओसुद्धा देऊन टाकला. मायला मात्र वेगळाच ध्यास लागला. त्या पडद्यावर असं काय होतं, की आपली पोर न सांगता गेली?

दिवाळीनंतर तिचं पोट सारखं दुखायला लागलं, म्हणून मी तिला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन औरंगाबादला न्यायला सांगितलं. मायनं माझं तोंड पाहिलं. "ते मंग बघू," म्हणाली, "बेबीनं बघितला तो शिनिमा हाय का अजून?"

जुन्या जालन्यात तो पुन्हा लागला होता. दुपारचा खेळ. माय पहिल्यांदाच थेटरात आली, दारातच चपला काढायला लागली. पोरगा त्या पोरीला पहिल्यांदा नावानं हाक मारतो ना, तिथं ती पदर तोंडावर धरून हसली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "लगीन होऊन इतकी वर्सं झाली, तुझ्या दादानं मला अजून नावानं हाक मारली न्हाई." शेवटी दोघं पळून जातात तेव्हा सगळं थेटर शिट्ट्या मारत होतं आणि माय रडत होती. दिवे लागले तरी उठेना. "पोरीच्या मायचं काय झालं? ते न्हाई दावलं," एवढंच विचारत राहिली.

एसटीत म्हणाली, "बेबीचं काही चुकलं न्हाई. मला सांगितलं असतं तर भाकरी बांधून दिली असती." घरी आल्यावर तुला बोलावण्यासाठी तिनं दादांच्या किती विनवण्या केल्या. दादा म्हणाले, "ती आपल्याला मेली."

अक्का, माय गेली. औरंगाबादला नेलं, पण उशीर झाला होता. दारात कोणाची चाहूल लागली की ती मान वळवायची. परवा तेरावा झाला. दादांनी तुला कळवू दिलं नाही. तू येऊ नकोस, ते तुला उंबरा ओलांडू देणार नाहीत. माझं लग्न मंठ्याला ठरलंय. थोरलीशी संबंध ठेवणार नाही, असं दादांनी त्या लोकांना कबूल केलंय. मला कोणी विचारलं नाही. म्हणून हे एकच पत्र. उत्तर पाठवू नकोस, ते दादांच्या हाती पडेल.

अजून तरी तुझीच,
सोनू