आमेरची गाठ

आबा, तुमाला आन आईला सुमेधचा नौदलाच्या जहाजावरून जयभीम.

आईला सांगा, मी बरा हाय, पोटभर जेवतो. सिरसाळ्यात पाऊसपाणी कसंय? मायाताईची लेक चालायला लागली का?

पुढचं आईला वाचून दाखवू नका. दरोडेखोरांनी भर समुद्रात एक मालवाहू बोट धरली होती, ती सोडवायला आमी गेलतो. त्यांनी गोळ्यांचा मारा केला. एका गोळीनं आमच्या झेंड्याची दोरी तुटली आन झेंडा खाली आला. लढाईत जहाजाचा झेंडा उतरला म्हंजी जहाज शरण गेलं, अशी दर्यावरची रीत हाय. ते तिकडं नाचायला लागले.

माझा जोडीदार आमेर, बीडच्या फळवाल्या रहमतुल्लाचाचांचा पोरगा, "उतरला न्हाई बे!" म्हणून ओरडत डोलकाठीवर चढला. झेंडा काठीला बांधताना त्याच्या छातीत गोळ्या घुसल्या. गाठ आवळूनच तो माझ्या पायाशी कोसळला. डोकं फुटलं. मग आमी त्यांच्यातला एकबी सोडला न्हाई.

सकाळी आमेरच्या दुखवट्याला झेंडा अर्ध्यावर घ्यायचा होता. मी वर चढलो, पण रक्तात भिजून वाळलेली गाठ सुटंना. साहेब खालून म्हणले, "चाकू लाव." त्याची गाठ कापू कशी, आबा? दातांनी सोडली.

पत्र पोचंल तवर त्याला बीडला आणलं असंल. त्याच्या आईपाशी, आमिनाचाचीपाशी जाऊन बसा.

आईला म्हणा, जेवतो. तिला हे सांगू नका, की घास कशाचाबी घेतला तरी तोंडाला त्या गाठीचीच चव येते.

तुमचा,
सुमेध