तांदळाला ऊन

कश्मिरा,

माणसाचा खरा शत्रू युद्ध नसून धान्यातली कीड आहे, हे तुझं वाक्य मी आज मनावर घेतलं. त्यात तू परवा म्हणालीस, “लिहीत बसतोस, निदान घरातले डबे तरी बघत जा.” बघितले.

ओबोन सणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेचा एसी बंद म्हणून तू घरी आणलेल्या डब्यावरचं मला फक्त ‘तांदूळ’ एवढंच जपानी अक्षर वाचता आलं. आत सोंडकिडे होते. मी सातारचा माणूस. तांदूळ गॅलरीत कागदावर पसरून उन्हात घातला. किडे निमूट चालते झाले, ते शेजारच्या मोरिता-सानच्या गॅलरीत. त्या तक्रार करायला आल्या आणि त्यांनीच उरलेलं वाचून दाखवलं: वेखंड तेलाची चाचणी, हात लावू नये.

सप्टेंबरचा अहवाल या किड्यांवर, तुझी मुदतवाढ अहवालावर आणि आपला व्हिसा मुदतवाढीवर. भारतातली तुझी नोकरीची जागा भरली गेलीय, हेही लक्षात आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानात किडका तांदूळ मागितला. मालकाने कमरेत वाकून माफी मागितली आणि दार दाखवलं. आता उएनोच्या भारतीय दुकानात चाललोय. आणीन ते किडे तुझे नसतील, कळतं मला. आपली लेक श्रावणी मोरिता-सानकडे आहे. प्रयोगशाळेतल्या सरांना फोन करू नकोस, मी आल्यावर दोघं मिळून सांगू.

नोंदीसाठी: तेलाचा थेंब न लावता दुपारपर्यंत तांदळात एकही किडा उरला नव्हता.

चंदू