रोज सकाळी परत येणारी फाइल

मंगळवार, ११

पुन्हा लाल! काल संध्याकाळी निघताना बिल्ड — सर्व्हर सगळा कोड जोडून प्रोग्रॅम उभा करतो ते — हिरवं होतं, म्हणजे ठीक. डोळ्यांनी पाहिलं, मगच उठले. आज ऑफिसात पाय ठेवते तो हवालदार दारातच — "तुझं परत झोपलं गं." (सर्व्हर सांभाळतो, कुणाला आत सोडायचं ते तोच ठरवतो, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणतात.)

दादाचं काम माझ्याकडे येऊन आठवडा झाला. साहेब म्हणाले, घरचंच माणूस बरं.

डायलिसिस केंद्रातल्या पेशंटांच्या पाळ्या लावणारा त्याचा प्रोग्रॅम. त्यात दोनच पाळ्या बसतात. केंद्रात नवी यंत्रं आली, सोमवारी २४ ला तिसरी पाळी सुरू. ती मी लिहून ठेवली आहे, माझ्या मशीनवर नीट चालते. पण सर्व्हरवर बिल्ड उभं राहिल्याशिवाय केंद्रात जाणार कशी?

बुधवार, १२

कारण सापडलं.

दादा बाहेरची पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे, यार्न नावाच्या साधनाने आणायचा. मी पहिल्यापासून दुसऱ्या साधनाची, एनपीएमवाली. काम हातात आलं त्याच दिवशी मी त्याची लॉक फाइल — कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं घ्यायचं त्याची यादी — काढून माझी ठेवली. आता बघते तर दोन्ही! सर्व्हरला यार्नची फाइल दिसली की तो यार्नकडे वळतो. आणि ही फाइल त्याची जुनी नव्हे, नव्याने तयार झालेली — प्रत्येक पॅकेज ताज्यातलं ताजं. तारखांचं पॅकेज नवं आलं की आमचा कोड कोसळतो.

हवालदार म्हणाला, "एका म्यानात दोन तलवारी. एक काढ."

काढली. हिरवं. घरी आले. आईने विचारलं, "झालं का काम?" म्हटलं, झालं.

गुरुवार, १३

झालं नव्हतं. फाइल परत आली.

शुक्रवार, १४

साहेबांनी बोलावलं. "मला कळेल असं सांग."

म्हटलं, स्वयंपाकघर एक, सामान आणणारे दोन. दोघांच्या याद्या वेगळ्या. एक मीठ आणतो, दुसरा त्याच डब्यात साखर ओततो.

"मग दुसऱ्याला घालव ना!"

"रोज घालवते. रोज सकाळी परत येतो."

ते हसले. मला हसू आलं नाही.

नंतर केंद्रातल्या सिस्टरांचा फोन. "अगं, शुक्रवार २१ ची सकाळ शेवटची हं. पहिली पाळी बसायच्या आत टाकलंस तर टाकलंस. नाहीतर आमचे मोठे डॉक्टर त्या दुसऱ्या कंपनीला हो म्हणून बसलेत." मग आवाज उतरवून — "तुझ्या दादाने केलेलं आहे, म्हणून मी अडवून धरलंय."

म्हणजे २१ ला जमलं नाही तर दादाचा प्रोग्रॅम गेला. त्याने केलेलं दुसरं आहे काय?

शनिवार, १५

सुट्टी. फाइल परत काढली — मावशीकडून, तिच्या टेबलाशी बसून. आईला सकाळीच तिच्याकडे घेऊन आले होते. कुणी दादाचं नाव काढलं नाही. सगळे भाजीच्या भावावर बोलत होते.

रविवार, १६

दिवसभर मावशीकडेच, रात्री घरी परतलो. फाइल आली नाही! सुटले बाई.

सोमवार, १७

कुठली सुटते! आली.

आज इतके दिवस न केलेली गोष्ट केली. फाइल कोण टाकतं ते पाहिलं. मी आपली कुठल्यातरी सेटिंगला दोष देत बसले होते. बदलांच्या नोंदी उघडल्या.

दादाचं नाव. आजची तारीख, सकाळची वेळ. खाली शुक्रवारची नोंद, गुरुवारची, त्याआधी मंगळवारची — सगळीकडे तोच.

पाणी प्यायले. परत वाचलं. तेच.

मंगळवार, १८

हवालदाराला दाखवलं. त्याने नोंदी वरखाली करून पाहिल्या. मग — "कुणाच्यातरी हातात त्याच्या अकाउंटची किल्ली आहे. चोरी आहे ही. त्याचं अकाउंट बंद करतो, आत्ता. तुझं बिल्डही सरळ होईल."

खरं आहे. एका मिनिटाचं काम. बंद केलं की उद्यापासून हिरवं.

मी म्हटलं, थांब.

"कशासाठी? अगं, २१ डोक्यावर आलीय!"

बँकेतून त्याचं नाव काढलं, फोनचं कनेक्शन काढलं, सगळीकडे मीच सही केली. ऑफिसच्या या अकाउंटवर तेवढं राहिलंय. म्हटलं, गुरुवार संध्याकाळपर्यंत.

"त्याचा लॅपटॉप कुठे आहे?"

"घरी. त्याच्या खोलीत. बंद आहे."

"बघितलास?"

बघितला नाही. त्या खोलीत मी तेव्हापासून गेलेच नाही. दार लोटलेलं असतं, मी पुढून निघून जाते. आई जाते, झाडायला. मी नाही.

बुधवार, १९

लाल. साहेबांनी केंद्राला "प्रयत्न चालू आहेत" असं कळवलं. मला न विचारता! हवालदार माझ्याशी कामापुरतं बोलतोय. त्याचंही बरोबर आहे. काही फुटलं तर त्याच्या गळ्याशी.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "ताटाकडे बघून पोट भरत नाही." तिने स्वतःही दोनच घास खाल्ले होते.

गुरुवार, २०

आज ऑफिसचं कार्ड घरी विसरले. कोपऱ्यावरून परत फिरले.

दार उघडलं तर पंख्यासारखा आवाज. दादाच्या लॅपटॉपचा — तापला की घरघरायचा तसा. खोलीचं दार उघडं. आई त्याच्या खुर्चीवर, चष्मा लावून, पाठ ताठ. समोर पडद्यावर ओळी पळताहेत. बाजूला चहाचा कप.

मी बाहेरच उभी राहिले. ओळी थांबल्या. तिने हलकेच झाकण लावलं, पदराने पुसलं, कप उचलला आणि वळली. मी दिसले.

"काय विसरलीस?"

"कार्ड. आई, हे काय करतेस?"

"बटण दाबते. हे, ठिपक्याचं."

एका बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तेव्हा आठवलं. दादा आंघोळीला पळताना ओरडायचा, "आई, ठिपका दाब!" तो येईपर्यंत ऑफिसातले सगळे बदल ओढायचे, यार्नने पॅकेजं लावायची, लॉक फाइल नसली तर बनवून परत पाठवायची — सगळं त्या एका बटणाखाली बांधून ठेवलं होतं. न्याहारी होईपर्यंत तयार. ऑफिस शोधत होतं तो चोर हा!

माझ्या तोंडावर आलं होतं — अगं आई, तुझ्यामुळे... गिळलं. तिचा मुलगा आता एवढ्याच आवाजात उरलाय. तो मी कसा बंद करू?

ऑफिसात गेले. माझी लॉक फाइल काढली. दादाची जुनी, मी पहिल्या दिवशी उडवलेली, बदलांच्या जुन्या नोंदींतून परत आणली. सर्व्हर, माझं मशीन, सगळं यार्नवर. आता तिने कितीदाही दाबलं तरी यादी तीच निघेल.

हवालदाराला खरं ते सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आणि मी पोलिसांत जायचं म्हणत होतो!" मग — "अकाउंट राहू दे. पण किल्ली फक्त त्या लॅपटॉपपुरती ठेवतो."

शुक्रवार, २१

घरूनच पाहिलं. खोलीतून घरघर आली, थांबली. माझ्या पडद्यावर हिरवं. पहिली पाळी बसायच्या आत केंद्रात गेलं. सिस्टर फोनवर — "तिसरी पाळी दिसली गं!"

शनिवार, २२

आईला सांगितलं, काम झालं, दादाचा प्रोग्रॅम राहिला. आणि तुला वाटेल तेवढे दिवस ठिपका दाब, त्याची आठवण म्हणून.

"आठवण?" ती म्हणाली. "तो गेल्यावर मी हातही लावला नव्हता त्याला. तू त्याचं काम घेतलंस, तोंड सुकवून घरी यायला लागलीस, म्हणून परत बसले. तो म्हणायचा ना, आई, तू ठिपका दाबलास की माझं अर्धं काम होतं. म्हटलं, तुझंही होईल."