शेवटच्या बाकाची हजेरी

मी, उत्तरेश्वर सुंदरराव पोकळे, वय ७१, निवृत्त प्राध्यापक, राहणार आष्टी, जिल्हा बीड, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शरीर थकले आहे. बुद्धी शाबूत आहे. ती वापरायला उशिरा सुरुवात केली, एवढीच तक्रार.

१. चौसाळ्याची तीन एकर कोरडवाहू जमीन पुतण्या बद्रीनाथ यास द्यावी. घरावर त्याचा डोळा आहे, हे मी जाणतो. घर त्याला मिळणार नाही.

२. सहकार या विषयाच्या माझ्या टिपणवह्या बंबात घालाव्यात. पहिली एकोणीस वर्षे मी त्यांतूनच शब्दशः सांगत होतो. कोणी प्राध्यापक मागायला आला तरी देऊ नयेत.

३. राहते घर मी शिकवले त्या कॉलेजला, खालील अटीवर. तिचे कारण लिहिणे भाग आहे.

१९९३ साली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मुक्ता कचरू सानप ही मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जायचे. ती शेवटच्या बाकावर कुजबुजायची. मी तिला बाहेर काढायचो आणि गैरहजर मांडायचो. हजेरीचे अकरा दिवस कमी भरले, तेव्हा मीच तिचा परीक्षेचा फॉर्म अडवला. ऊसतोडणीला मुकादम नवराबायकोची जोडी धरतो, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. बापाने त्याच वर्षी लग्न लावले आणि मुक्ता अर्धा कोयता झाली.

पुढच्या वर्षी शिपाई धोंडीराम म्हणाला, "सर, ती चकाट्या पिटत नव्हती. तुमचं पुस्तकी बोलणं मागच्या पोरींना कळायचं न्हाई. ती त्यांना आपल्या बोलीत सांगायची. कावून बोलती, हे तुमी कधी इचारलंच न्हाई."

"मग तू का गप्प बसलास?"

"मलाबी लई भेव वाटायचं तुमचं."

त्यानंतरची तेरा वर्षे मी एकच धडा तीन तऱ्हांनी सांगितला, मुलांना त्यांच्या बोलीत उत्तरे देऊ दिली, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर चैत्रात पुन्हा तास घेतले. लोकांनी माझे कौतुक केले. ते ऐकताना मला लाज वाटायची, अजून वाटते.

यंदा श्रावणात मुक्ताच्या गावी गेलो. घर तुझ्या नावे करतो म्हणालो, माफी मागितली. ती आत गेली. टँकरच्या पाण्याचा चहा घेऊन आली.

"साखर जादा झाली का, सर?"

मग म्हणाली, "मला घर नगं. टोळ्या गेल्यावर मागं ऱ्हाणाऱ्या पोरींना ऱ्हाऊ द्या. आन् मागच्या बाकाला इचारत जावा म्हणावं, कळलं का म्हणून."

अट हीच. घर अशा मुलींना राहण्यासाठी.

यंदा पाऊस नाही, टोळ्या दसऱ्यालाच गेल्या. डॉक्टर म्हणतात, मला चैत्र दिसणार नाही. त्यामुळे मुक्ताची आणि माझी भेट आता नाही.

ठिकाण आष्टी, दिनांक २२ नोव्हेंबर २०१८.

सही: उ. सुं. पोकळे

साक्षीदार, माझ्यासमोर सही करणारे:
१. धोंडीराम सटवा गर्जे, निवृत्त शिपाई
२. गहिनीनाथ निवृत्ती धस, शेजारी
३. मुक्ता कचरू सानप

कायद्याला दोन सह्या पुरतात. तिसरी जागा मोकळी ठेवावी. मुक्ता तोडणीवर आहे. तिला गैरहजर मांडू नये.